डाव्या सीटवरची बाई

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी रविवार हा कधीच सुट्टीचा वार नव्हता. बाकीचे लोक रविवारी लोळतात आणि लोळून कंटाळा आला की त्यांना गाडी शिकायची आठवण होते. आठवडाभर कचेरीत खुर्ची उबवणारी माणसं रविवारी सकाळी ड्रायव्हिंग शिकायला उगवतात, त्यामुळे शिकवणाऱ्याला त्या दिवशी अंथरुणात पडून चालत नाही. धाकटी आणि तिचा नवरा, दोघांनी मिळून ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. स्कूल म्हणजे एक गाडी, तिच्या छपरावर एक पाटी आणि ही दोघं. तिच्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणायचे. तिला सगळे मॅडम म्हणत. ते मात्र माझ्या तोंडी कधी बसलं नाही. जिचं नाक मी पुसलंय तिला मॅडम काय म्हणायचं!

मास्तर थंडीच्या सुरुवातीला गेले. वर्तमानपत्र वाचता वाचता, बसल्या जागी. तेव्हापासून गाडी घरामागच्या शेडमध्ये उभी होती आणि मी माझं बिऱ्हाड बंद करून धाकटीकडे राहायला आले होते, तिला सोबत म्हणून. कोण कोणाची सोबत करतंय, हा विषय आम्ही काढत नाही.

तर त्या रविवारी मी उठून स्वयंपाकघरात आले तेव्हा धाकटी आधीच टेबलाशी बसलेली. केस विंचरलेले, पायात कामावरचे बिनटाचेचे बूट, समोर चहा आणि चहाशेजारी गाडीची किल्ली. चहावर साय धरली होती. म्हणजे बराच वेळ बसली असणार.

"तो चहा पिणार आहेस की नुसता सांभाळणार आहेस?" मी म्हटलं.

"पिते गं."

"आण इकडे. दुसरा करते."

हे सगळं कशासाठी, ते मला ठाऊक होतं. आठवड्याच्या मधे एका नर्सबाईंचा फोन आला होता. मास्तर गेले तेव्हा त्यांचं शिकणं अर्ध्यावर राहिलं होतं आणि आता लायसन्सची परीक्षा तोंडावर आली होती. 'मॅडम, शिकेन तर तुमच्याकडेच,' म्हणाल्या. धाकटी खुशीत येऊन बोलून गेली, रविवारी सकाळी मैदानावर या. फोन ठेवला आणि मग तिला उमगलं, मैदानापर्यंत गाडी न्यायची कोणी?

हे ऐकून कोणीही हसेल. मीही हसले होते. जिने अर्ध्या गावाला गाडी शिकवली, तिला गाडी चालवायची भीती? पण त्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय माझी बहीण कोणाला कळायची नाही.

लग्न झालं तेव्हा मास्तर एकटेच शिकवत. हिला त्यांनीच शिकवलं, ही चटकन शिकली, आणि मग बायका येऊ लागल्या. मास्तर ओरडायचे. मनात काही नसायचं त्यांच्या, पण आवाजच असा की पहिला गिअर टाकणारीला वाटावं आपण कोणाचा तरी जीव घेतला. धाकटी ओरडत नसे. ती पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू देत नसे. "चपला काढा," म्हणायची. "आधी पायाला ओळख होऊ दे." मग अनवाणी पायाने क्लच दाबायला लावायची, सोडायला लावायची. "दुधावरची साय फुंकर मारून बाजूला करता ना, तसा सोडायचा. ओरबाडायचा नाही." बायका हसत आणि शिकत. महिन्याभरात त्या नवऱ्यांना शेजारी बसवून बाजारात नेऊ लागत. नवऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असत. पुढे पुढे पुरुषही तिलाच मागू लागले, तेव्हा मास्तर म्हणाले, "ठीक आहे, मी गाडी पुसतो!" रागाने म्हणाले, पण खरंच तसं ठरलं. त्यांच्याकडे गाडीची देखभाल, परीक्षेला माणसं नेणं-आणणं आणि कोणाला ओरडा खाल्ल्याशिवाय येतच नसेल तर तो विद्यार्थी. बाकी सगळे हिच्याकडे.

आता शिकवणाऱ्याची जागा डावीकडची. तिथे त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की आपण दाबायचा. वर्षानुवर्षं त्या सीटवर बसून माणसाचा पाय बिघडतो. धाकटीचा पाय कुठेही ब्रेक दाबायचा. माझ्याबरोबर बसमध्ये बसली तरी वळण आलं की हिचा बूट पत्र्यावर खट्. एकदा सिनेमात पडद्यावरची गाडी दरीकडे निघाली तर हिने पुढच्या खुर्चीला अशी लाथ घातली की तो गृहस्थ उभाच राहिला. मास्तरांचंही तेच. शिकवणं कमी झालं तरी त्यांचा पाय सुधारला नाही.

मग अशी दोन माणसं फिरायला निघाली की काय व्हायचं ते झालं. लग्नानंतर काही वर्षांनी एका रविवारी शेवटचा विद्यार्थी सोडून दोघं घरी येत होती. चालवत होती ही, शेजारी मास्तर. त्यांनी चौकात ब्रेक दाबला. पुढे एक सायकलवाला आला, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा समोर काहीच नसताना दाबला, तशी हिने गाडी बाजूला घेतली, किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही शेजारी असाल तर मी पुन्हा चालवणार नाही."

मास्तर उजवीकडे जाऊन बसले. ही डावीकडे बसली. पुढच्या वळणावर हिने ब्रेक दाबला.

"उतर," मास्तर म्हणाले. "मागे बस."

आणि ती मागे बसली ती कायमची. हसण्यावारी नेऊ नका, अगदी खरं सांगते. लग्नाकार्याला जा, डॉक्टरकडे जा, मुलाला आणायला स्टेशनवर जा, मास्तर पुढे एकटे आणि बायको मागच्या सीटवर, भाड्याच्या गाडीत बसल्यासारखी. आमच्या आईला वाटायचं दोघांचं बिनसलंय. तिने मला दोनदा चौकशीला पाठवलं. मी बघते तर काय, मागून ही बोलतेय, पुढून ते बोलताहेत, आरशातून एकमेकांकडे बघताहेत आणि दोघांचं उत्तम चाललंय! इतकं बोलणारं जोडपं मी दुसरं पाहिलं नाही. माझ्या संसारात समोरासमोर बसूनही एवढं बोलणं झालं नाही, पण ते असो.

तर कामाच्या वेळी डावी सीट आणि एरवी मागची. उजव्या सीटवर बसायची वेळच तिच्यावर आली नाही. सकाळी मास्तर शेडमधून गाडी उलटी काढायचे, बोळातून रस्त्यावर आणायचे आणि पायरीसमोर उभी करायचे. ही खांद्याला पिशवी अडकवून पायरीवर तयार. मैदानापर्यंतही तेच नेत. ते सगळे रविवार मला आठवतात, कारण सुट्टीत मी इथेच येऊन पडायचे. पहाटेच बादलीचा आवाज. मास्तर गाडी धुताना गाणं म्हणत, एकाच गाण्याच्या दोन ओळी, तिसरी त्यांना येत नसे. स्वयंपाकघरात ही पाव भाजायची आणि खिडकीतून ओरडायची, "अहो, मागची काच राहिली!" ते म्हणायचे, "मागे तूच बसतेस, तूच पूस!" छोटा भाचा टेबलाखाली बशीचं स्टिअरिंग करून बसलेला. मी वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत आणि सगळ्यांना ओरडत की जरा हळू बोला. आता कोणी बोलत नव्हतं, तर कोडंही सुटत नव्हतं. नेम नाही माणसाचा.

मी दुसरा चहा तिच्यापुढे ठेवला, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. बशीचं स्टिअरिंग आता दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे. आवाज इतका मोठा की मला टेबलापलीकडूनही ऐकू येत होता.

"आई, आज सांगतेस ना? गाडी घेणारा माणूस संध्याकाळपर्यंत थांबेल. नंतर तो दुसरी गाडी बघणार आहे."

"सांगते रे."

"मागच्या रविवारीही सांगते म्हणाली होतीस. हे बघ, गाडी उभी राहून खराब होते. तू चालवत नाहीस, मावशीला येत नाही. मग ठेवायची कशाला? आणि स्कूल आता कसं चालणार? बाबा नाहीत."

"ते ठाऊक आहे मला," धाकटी म्हणाली.

तो हळू आवाजात म्हणाला, "तसं नाही गं म्हणायचं मला."

"आज शिकवणी आहे माझी. ती झाली की सांगते."

"शिकवणी? गाडी कोण नेणार?"

तिने फोन ठेवला. पोरगं वाईट नाही. पण त्याचं म्हणणं चुकीचं होतं असंही म्हणता येईना, आणि त्याचाच मला राग आला.

"बघ ताई," ती म्हणाली, "आज गाडी मैदानावर गेली तर ठीक. नाही गेली तर त्याला हो म्हणून टाकते. नुसती शेडमध्ये ठेवून तिच्याकडे बघत बसायची नाही मला."

"मग ऊठ की. घड्याळ काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

आम्ही मागच्या दाराने शेडकडे गेलो. गाडीवर धुळीचा थर होता. बॅटरी गॅरेजवाल्याने आदल्या दिवशीच भरून बसवली होती, त्यामुळे तीही सबब नव्हती. धाकटीने फडक्याने पुढची काच पुसली, मग मागची, जरा जास्तच वेळ. किल्लीने दार उघडलं. आत बसली. पट्टा लावला. हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत राहिली.

मी बाहेर उभी. थोडा वेळ मला वाटलं तिचं काहीतरी चाललंय मनात, बोलू नये. मग माझ्या लक्षात आलं.

मी काच वाजवली. "कोणाची वाट बघतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःकडे पाहिलं. ती डावीकडे बसली होती.

मला वाटलं आता ही रडणार. ती रडली नाही. शेडमध्ये शिरून, दार उघडून, पट्टा लावून ती सवयीने कामाच्या सीटवर, मास्तर येऊन गाडी काढतील याची वाट बघत बसली होती, आणि ते तिच्या आधी मला कळलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "तू बस उजवीकडे. मी इथून सांगते. मी सांगेन तसं कर, ब्रेक माझ्या पायाशी आहे."

"वेड लागलंय का? मला येत नाही चालवता!"

"येत नाही अशांनाच मी शिकवते."

"मला शिकवून झालंय तुझं. तिसऱ्या दिवशी तूच म्हणालीस, ताई, तू बसनेच जात जा."

"मग काय करू? या बोळातून मी कधी गाडी काढलेलीच नाही गं! रोज तेच काढायचे. मी पायरीवर असायचे. एकीकडे भिंत, एकीकडे तो नळ बाहेर आलेला. मला इथून डावी बाजू दिसते. बोटभर जागा असली तरी सांगेन. उजवी बाजू मला ठाऊकच नाही."

हे मात्र मला पटलं. आठवणीने हातपाय गळालेत असं ती म्हणाली असती तर मी काय करणार होते? पण नळ आडवा येतो म्हणाली. त्यावर इलाज करता येतो.

"उतर," मी म्हटलं. "उजवीकडे बस. डावी बाजू मी बघते. गाडी येत नसली तरी डोळे आहेत मला."

"तू शेजारी बसलीस की तुझा पाय जाईल ब्रेकवर."

"जाणार नाही."

"जातो. सगळ्यांचा जातो. मांडी घाल."

या वयात, या गुडघ्यांनी, मी गाडीच्या सीटवर मांडी घालून बसले. ती फेरी मारून उजवीकडे आली. बसली, तर पाय पेडलपर्यंत पोचेनात.

"कार्ट्याने मागे ढकलून ठेवलीय," ती म्हणाली. भाचा मागच्या महिन्यात येऊन गाडी सुरू करून गेला होता. तिने खालची दांडी ओढून सीट पुढे घेतली. आरसे लावले. उजवा आरसा लावताना मान वाकडी करून नळाकडे बघितलं. गाडी सुरू केली. रिव्हर्स टाकला. आणि थांबली. हात स्टिअरिंगवर घट्ट.

मी काही बोलणार होते. माझी जीभ तशी गप्प बसणारी नाही. पण तेवढ्यात तिनेच तोंड उघडलं, आणि तो आवाज माझ्या बहिणीचा नव्हता, मॅडमचा होता.

"बाई, एवढं घट्ट धरायचं नसतं. स्टिअरिंग कुठे पळून जात नाही. हं. आता आरसा बघा. दोन्ही बघा. घाई कोणाला आहे? कोणालाच नाही. क्लच."

गाडी हलली, आचका दिला आणि बंद पडली.

"पडू दे बंद," मॅडम म्हणाली. "बंद पडली म्हणजे थांबली. थांबलेली गाडी कोणाला लागत नाही. पुन्हा."

पुन्हा सुरू केली. मी डाव्या खिडकीतून डोकं काढून भिंत बघत होते. "आहे जागा. आहे. आहे. अगं, आहे म्हटलं ना!" ती स्वतःशी बोलत होती, मी भिंतीशी. वितावितीने आम्ही मागे सरकलो. मधेच उजवीकडून कर्रर्र आवाज आला आणि तिने ब्रेक दाबला.

"नळ," ती म्हणाली.

"जिवंत आहे का?"

तिने बाहेर वाकून पाहिलं. "नळ आहे. आरसा खरवडलाय." आणि ती हसली. मास्तर गेल्यापासून प्रथमच अशी हसली. "त्यांनीही दोनदा खरवडलाय. मला सांगायचे, विद्यार्थ्याने केलं."

रस्त्यावर आल्यावर तिने गाडी पायरीसमोर उभी केली नाही. सरळ निघाली. मैदान लांब नाही, पण आम्ही पोचेपर्यंत मागच्या तिघांचे हॉर्न वाजवून झाले. छपरावर शिकाऊ गाडीची पाटी होतीच, त्यामुळे पुढे काढून जाणारा प्रत्येक जण उजवीकडे बसलेल्या म्हातारीकडे कौतुकाने बघत गेला. एकाने तर अंगठा वर केला. धाकटी म्हणाली, "मेल्या, तुझ्या बापाला मी शिकवलंय."

नर्सबाई मैदानाच्या फाटकाशी उभ्या होत्या. रात्रपाळी संपवून थेट आलेल्या, डोळे लाल, हातात डबा. गाडी बघून पुढे आल्या आणि उजवीकडे धाकटी बसलेली बघून जागच्या जागी थबकल्या.

"मॅडम, तुम्ही? तुम्हाला गाडी चालवताना कधी पाहिलंच नव्हतं!"

"मग आता पाहिलंत. चपला काढा."

मला खाली उतरवलं. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, बाकावर जाऊन बसले. समोर गाडी मैदानात चकरा मारू लागली. कधी आचके देत, कधी सुरळीत. खिडकीतून धाकटीचा आवाज तुटक तुटक ऐकू यायचा, साय, फुंकर, घाई कोणाला आहे. मैदानाच्या कडेला दोन म्हातारे फिरत होते, एक बाई कुत्र्याला घेऊन उभी होती. कोणाला यात बघण्यासारखं काही वाटलं नाही. का वाटावं? रविवारी सकाळी या मैदानात ही गाडी नेहमीच असायची.

शिकवणी संपली. नर्सबाईंनी विचारलं, "मॅडम, पुढची कधी? परीक्षेआधी रोज जमेल का?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "रोज या," म्हणाली. "रात्रपाळी सुटली की या. मी असेन इथे."

त्या गेल्यावर धाकटी उजवीकडे जाऊन बसली. मी डावीकडचं दार उघडायला गेले, तर धाकटीने आतून खटका लावला आणि काच खाली केली.

"ताई, तू बसने जा."

"म्हणजे?"

"बसने जा ना. समोरच थांबा आहे."

"आणि तू?"

"मी येते."

"नळाला कोण बघणार?"

"बघीन मी. एकटी असले की नीट दिसेल मला. तू फार ओरडतेस."

मी ओरडते! तिला त्या बोळातून काढण्यासाठी मांडी घालून बसले होते मी, गुडघे अजून ठणकताहेत. पण तिच्या तोंडाकडे बघून मी काच वर कर म्हटलं आणि रस्ता ओलांडला. ती माझ्यासमोरून गेली. हात हलवला नाही, वळूनही पाहिलं नाही, कारण तिचे डोळे रस्त्यावर होते. चौकात गाडी डावीकडे वळायला हवी होती, घराकडे. ती सरळ गेली.

मी घरी आले. शेड रिकामी होती. जेवायची वेळ झाली तरी रिकामीच. मी थोडा वेळ काळजी केली, मग पान वाढून घेतलं. दोन घास खाल्ले असतील नसतील, भाच्याचा फोन.

"मावशी, आई फोन उचलत नाहीये. त्या माणसाला काय सांगू?"

"आधी ती घरी तर येऊ दे. गाडी घेऊन गेलीय."

"कोण चालवतंय?"

"तुझी आई."

त्याने विचारलं, "आणि शेजारी कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि जेवण निवत होतं म्हणून फोन ठेवला.